एका बुडाला तीन खोडं

गाडी पाड्याच्या अलीकडेच बंद करा. चैत्रातली पहाट आहे. नाशिकचा पेठ नाका सोडून तासही झालेला नाही, कान अजून शहरातच आहेत. इंजिन थांबलं की त्यांना आधी काहीच ऐकू येत नाही. त्यांना थोडा वेळ द्या. तोवर उजाडू द्या. रामशेज किल्ल्याचा कातळ अंधारातून हळूहळू सुटा होईल, आणि बोरगडाची सोंड झाडांसकट तुमच्या पुढ्यात उतरलेली दिसेल.

आता चला. पायाखाली सागाची वाळकी पानं आहेत, ताटाएवढी. जोरात पाऊल पडलं तर ती पापडासारखी मोडतात आणि सगळ्या रानाला वर्दी जाते. म्हणून टाच जपून टाका. हा पळस, याची फुलं फाल्गुनात झडली, आता चपट्या शेंगा लोंबतायत. ही करवंदाची जाळी, पांढऱ्या फुलांनी भरलेली. पुढे मोह. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं, त्यामुळे झाडाखाली फिकट पिवळा सडा पडलाय. एक आजी वाकून ती रसाळ फुलं टोपलीत वेचतायत. मान वर न करताच विचारतात, "नाशिकहून आलात का?" तुम्ही हो म्हणता. "जा वर. पाखरं उठलीत आता."

खैर, धावडा, आवळा, शिवण, बेहडा. कुणी लावलेल्या रांगेतली ही झाडं नाहीत. एकाला सावली दुसऱ्याची, दुसऱ्याला आधार तिसऱ्याचा, आणि मधल्या फटीत वेल घुसलेली. याच गर्दीत एका झाडापाशी थांबा. हा ऐन, म्हणजेच सादडा. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. पण खाली बघा: बूड एक आणि खोडं तीन. जमिनीलगत एक जाडजूड जुनी गाठ आहे, आणि तिच्या कडेने मांडीएवढी तीन खोडं सरळ वर गेलीयत.

झाड आपणहून असं क्वचितच वाढतं. एका बुडाला तीन खोडं दिसली की समजावं, इथे कधीतरी कुऱ्हाड पडलेली आहे.

सालीवर तळहात ठेवा. वरून आवाज येतोय: टुक, टुक, टुक. एका लयीत, न थकता. तांबट पक्षी आहे तो. चिमणीहून जरासा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि गळ्याशी लाल ठिपका. वड, पिंपळ, उंबर यांची फळं खातो, बिया रानभर टाकतो. घर करतो ते वाळक्या, कुजत्या फांदीत भोक पाडून. त्याच्या हाकेला तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीची लय आहे, म्हणून त्याचं नाव तांबट.

डोळे मिटा. त्या टुकटुकीला धरून मागे जायचं आहे.

०

आवाज थांबतो. डोळे उघडा.

सावली गेली. कपाळावर ऊन आदळतंय. १९७२च्या दुष्काळाला दहा-बारा वर्षं झालीयत, पण डोंगर अजून त्याच दुष्काळात आहे. सोंडेवर नुसता मुरूम, मुरमात गुडघाभर उंचीचे तुटके खुंट. मघाचा सादडा शोधा. तुमच्या पायाशीच आहे तो, बसायच्या पाटाएवढा. कापाची जागा काळी पडलीय आणि कडेला बोटभर फुटवे आलेत, कोवळे, तांबूस. शेळ्यांचा कळप येतो. एक शेळी फुटवे खुडते आणि पुढे जाते. ती उद्याही येईल.

खालून एक बाई चढतेय, हातात कोयता. तिशीची असेल. तिला खुंटाच्याही खालचं काही मिळालं तर हवंय, कारण वरचं सगळं संपलंय. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, अनवाणी नाशिक गाठायचं, पंचवटीत दारोदार विचारायचं, आणि आलेल्या पैशांत मीठ-मिरची घेऊन दिवस मावळायच्या आत परत यायचं. तिच्याकडे रागाने बघू नका. घरी चूल आहे, पोरं आहेत, नागलीचं पीक पावसाने मारलंय. डोंगर तिनेच खाल्ला असं म्हणणं सोपं आहे. पण मोळी विकत घेणारं दार शहरात आहे, आणि ते कदाचित तुमच्या आजोळचं असेल.

पलीकडच्या उतारावर रांगेत रोपं लावलीयत. उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प. परदेशातून आलेलं झाड. भराभर वाढतं, शेळी सहसा तोंड लावत नाही, डोंगर हिरवा दिसतो. नाशिकच्या कितीतरी टेकड्या अशा हिरव्या झाल्या. त्या हिरव्यात उभं राहून ऐका. फुलपाखराला अंडी घालायला हवं ते पान नाही, पाखराला खायला फळ नाही, घर करायला ढोली नाही.

इथे शांतता आहे. तुम्ही शहरातून शांतता शोधत आला होतात ना? ही घ्या. वारा आहे, पण त्याला वाजवायला पान नाही. उजाड डोंगराची शांतता अशी असते: बोलणारे निघून गेल्यावर उरलेली.

खुंटावर पुन्हा हात ठेवा. वर मेलेला दिसतो, पण खाली मुळं जिवंत आहेत. ती वाट बघतायत.

०

टुक, टुक, टुक. पक्षी परतला असं वाटतं. पण हा आवाज एकटा नाही. दहा, वीस, पन्नास हातोड्या एकदम पडतायत.

तुम्ही जुन्या नाशकात, तांबट आळीत उभे आहात. साल १८६५. दोन्ही बाजूंना ओसऱ्या, प्रत्येक ओसरीवर माणूस मांडी घालून बसलाय, पुढ्यात घडत आलेला हंडा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला तांब्यावर एक चंद्रकोर उठते. घंगाळं, कळशा, पंचपात्री, ताम्हणं. यात्रेकरू रामकुंडावर स्नान करून येतो आणि जाताना इथलं भांडं घेऊन जातो. त्या भांड्यात गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी घरी नेलं की यात्रा पुरी झाली.

ओसरीमागे भट्टी धगधगतेय. तांबं मऊ व्हायला आच लागते, आचेला कोळसा, कोळशाला लाकूड. भांड्यात रान दिसत नाही; पण प्रत्येक हंड्याच्या पाठीशी कुठल्यातरी डोंगरावरची एक धूर काढणारी कोळशाची भट्टी आहे.

आळीत आज दुसरी चर्चा आहे. चार वर्षांपूर्वी नाशिकला आगगाडी आली, आणि यंदा थळघाटातून मुंबईपर्यंतचा मार्ग सलग झाला. माणसं रुळांबद्दल बोलतात, बोगद्यांबद्दल बोलतात. रुळांच्या खाली काय आहे, ते कुणी बोलत नाही. तिथे स्लीपर आहेत, म्हणजे लाकडाचे आडवे ओंडके. पाऊस आणि वाळवी त्यांना काही वर्षांत खातात, की पुन्हा नवे लागतात. आगगाडी धावते ती झाडांच्या पाठीवरून.

सरकारलाही हे कळतं. तेरा वर्षांनी, १८७८ साली, नवा वनकायदा येईल. जंगलाच्या कडेने खांब उभे राहतील. 'राखीव' हा शब्द पाड्यावर पोचेल. भात-नागलीच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी वाफा भाजायला, सादड्याच्या चार फांद्या तोडणारा माणूस गुन्हेगार होईल, आणि मोठ्या सागावर सरकारी घणाचा शिक्का पडून तो ठेकेदाराकडे जाईल. रान ज्याचं होतं त्याचं राहिलं नाही. आणि जे आपलं नाही ते जपायचं कुणी? बोरगडाच्या उघड्या माथ्यामागे दुष्काळ आहे, गरिबी आहे, आणि हा प्रश्नही आहे.

०

टुक. टुक. आता आवाज जड झाला. हातोडी नाही, कुऱ्हाड आहे.

१६८२चा उन्हाळा. तुम्ही रामशेजच्या पायथ्याशी आहात आणि चहूकडे तंबू आहेत. औरंगजेब दख्खनेत उतरलाय, आणि त्याने शहाबुद्दीन खानाला या किल्ल्यावर धाडलंय. किल्ला बुटका, भोवती सह्याद्रीची उंच शिखरंही नाहीत. चार दिवसांत पडेल असा हिशेब आहे. वर संभाजी महाराजांची मूठभर शिबंदी आहे आणि ती काही ऐकत नाही.

मग खान सुतार बोलावतो. लाकडाचा प्रचंड दमदमा उभारायचा, म्हणजे बुरुजाएवढा उंच माचा. त्यावर तोफा चढवायच्या आणि तटाच्या आत मारा करायचा. त्याला ओंडके लागणार, शेकड्यांनी. जवळचे डोंगर सोडून ते लांबून कोण आणणार? बोरगडाच्या बाजूला बघा. बैलांच्या जोड्या ओंडके ओढत येतायत, वाटेवर खोल चाकोऱ्या पडल्यायत, आणि प्रत्येक थोरल्या झाडाच्या जागी ताजा पांढरा काप चमकतोय.

आता तटाकडे कान द्या. वरून तोफ कडाडते. ती लोखंडी नाही. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहून गेलाय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्यांवर कातडी मढवली, आणि त्यांनी दहा तोफांचं काम केलं. शत्रूने लिहिलेली दाद आहे ही.

मधे उभे राहा आणि दोन्हीकडे बघा. खाली लाकडाचा दमदमा, वर लाकडाची तोफ. पाच वर्षांहून अधिक काळ हा किल्ला लढत राहणार आहे, सरदारांमागून सरदार बदलणार आहेत. या लढाईबद्दल वाचताना तुमची छाती फुगते, ती फुगू द्या. पण दोन्ही बाजूंनी जे झुंजलं त्यात रानही होतं. त्याची नोंद कुठल्या बखरीत नाही. ती फक्त अशा बुडांवर असते.

०

टुक, टुक, टुक. आवाज बारीक होतो, नेमका होतो. छिन्नी आहे ही.

सुमारे दोन हजार वर्षं मागे. गोदावरी ओलांडून तुम्ही त्रिरश्मी डोंगरावर आलाय. पुढची माणसं या डोंगराला पांडवलेणी म्हणतील. खाली जिथे आज महामार्ग आहे तिथे दाट झाडी आहे, आणि त्या झाडीत संध्याकाळनंतर वाघ फिरतो. व्यापारी बैलांचे तांडे घेऊन घाट चढून येतात ते दिवसाउजेडी.

एक पाथरवट चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर काम करतोय. हेच आजचं अठरा नंबरचं लेणं. त्याच्या हाताकडे जवळून बघा. तो दगडात कमान कोरतोय, आणि कमानीच्या आत वाशांची टोकं कोरतोय, एकेक, सारख्या अंतरावर. दगडाला वाशांची गरज नसते. डोंगर आपला भार आपण पेलतो. पण या माणसाला घर म्हणजे लाकडाचंच माहीत आहे. देखणं छप्पर म्हणजे तुळया आणि वासे. म्हणून तो कातळात रान कोरून ठेवतोय. मूळ लाकडी मंडप केव्हाच कुजून गेले. त्यांचा आकार मात्र आजही तुम्हाला हात लावून बघता येतो.

दारावर एक छोटी ओळ आहे, ब्राह्मी अक्षरांत. नाशिकच्या लोकांचं, धंभिक गावाचं हे दान, असा तिचा अर्थ. नाशिक हे नाव मिरवणाऱ्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. याच डोंगरात पुढे नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची भलीमोठी यादी कोरणार आहे, त्यात ३२,००० नारळाची झाडंही आहेत. राजघराण्यातल्या माणसाला ते शक्य असतं. पण ही ओळ कुणा राजाची नाही. सगळं गाव मिळून काहीतरी देतं, एकट्याचं नाव पुढे करत नाही, आणि दिलेलं दोन हजार वर्षं टिकतं. ही ओळ लक्षात ठेवा. परतीच्या वाटेवर लागेल.

पाथरवट छिन्नी खाली ठेवतो. संध्याकाळ झालीय. खालच्या रानातून हजार आवाज एकदम वर येतात, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक ओळखीचा आवाज आहे: टुक, टुक, टुक. खरा पक्षी. पाथरवट मान कलती करून ऐकतो. ही शांतता भरलेली आहे. तुम्ही शोधत आलात ती हीच.

०

आता परत फिरा. शतकं भरभर जातायत. छिन्नी, कुऱ्हाड, हातोडी, आणि मग ते मुकं ऊन. मोळी घेऊन जाणारी बाई दिसते. तिथेच थोडं हळू व्हा, कारण इथे काहीतरी वळतंय.

डोंगरावर माणसं येतायत, पण कुऱ्हाडी न घेता. वन विभागाचे लोक आहेत, नाशिकच्या नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटीचे बिश्वरूप राहा आणि त्यांचे सोबती आहेत, दुर्बिणी गळ्यात घालून पाखरं मोजतायत. आणि पायथ्याच्या पाड्यांवरची माणसं आहेत, हात बांधून ऐकणारी, कारण डोंगराबद्दल बाहेरून आलेल्याने काही सांगितलं की त्यांचं काहीतरी जातं, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव.

२००२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन 'संवर्धन राखीव' हा नवा प्रकार आला. अभयारण्याहून तो वेगळा. स्थानिकांशी बोलल्याशिवाय तो जाहीर करता येत नाही, आणि त्याच्या समितीत ग्रामपंचायतीची माणसं बसतात. १८७८च्या 'राखीव'मध्ये आणि या 'राखीव'मध्ये अक्षरं तीच आहेत, पण मधे सव्वाशे वर्षांची शिकवण आहे. मार्च २००८मध्ये बोरगड संवर्धन राखीव जाहीर झालं, सुमारे ३४९ हेक्टर. महाराष्ट्रातलं हे पहिलं.

कागद झाला. रान कसं आलं, तेही बघा, कारण ते कागदाहून साधं आहे. चराई थांबली. कुऱ्हाड थांबली. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढायच्या, म्हणजे वाळकं गवत आणि पानं पट्ट्यापट्ट्याने हटवायची, की वणवा एका उतारावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. आणि वाट बघायची. पहिल्या पावसात खुंटांना फुटवे आले, नेहमीसारखेच. फरक इतकाच की या वेळी शेळी आली नाही. दुसऱ्या वर्षी ते कमरेएवढे झाले. करवंदाच्या काटेरी जाळीत धावड्याचं रोप सुरक्षित वाढलं. पाखरं आली, त्यांच्या विष्ठेतून उंबर आला, उंबरामागे आणखी पाखरं आली. नवी रोपंही लागली, इथलीच, इथल्या मातीतली. पण खूप मोठं काम मुळांनी केलं. ती कधी गेलीच नव्हती.

रान लावणं चांगलंच. पण जिथे मुळं अजून जिवंत आहेत, तिथे रानाला आपल्याकडून मागायचं असतं ते एवढंच: हात आवर.

आणि हात आवरणं फुकट होत नाही. ज्या बाईची मोळी थांबली तिने दुसरं काम शोधलं, चुलीसाठी लांबून सरपण आणलं, कधी उसनं घेतलं. शहराने गॅसवर चहा पीत तिला पर्यावरण शिकवू नये. हे रान कुणाचं दान आहे असं कुणी विचारलं, तर उत्तर त्रिरश्मीच्या ओळीसारखंच द्यावं लागेल: गावाचं.

०

तळहात सालीवरच आहे. डोळे उघडा. ऊन सोंडेवरून खाली उतरलंय, पण तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर पानांनी त्याचे तुकडे केलेत. एका बुडाला तीन खोडं. तुमच्यासमोरच तर तुटलेलं होतं हे, आणि तुमच्यासमोरच उगवलं.

नाशिकने रानाची नावं सोडलेली नाहीत. पंचवटी म्हणतो आपण, तपोवन म्हणतो. सिंहस्थाला लाखो पाय त्या नावांकडे वळतात. दंडकारण्याच्या कथेला आपण दोन हात जोडतो. पाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. वाघ गेला, वाघबारस राहिली, वाघदेवाचा शेंदरी दगड राहिला. नावं आणि सण हीसुद्धा मुळंच आहेत, जमिनीखाली जिवंत असलेली. त्यांना वर यायला जागा द्यायची की नाही, हे प्रत्येक पिढीने ठरवायचं. आपल्या पिढीची पाळी आत्ता आहे: डोंगर फोडणाऱ्या खाणीसमोर, मौज म्हणून गवतात टाकलेल्या काडीसमोर, पहिल्याच पावसात गाणी लावून गडावर चढणाऱ्या गर्दीसमोर.

उतरताना आजी भेटतात. टोपली भरलीय. तुम्ही त्यांच्याकडे नीट बघता. मानेचा बाक ओळखीचा आहे; वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहिलेल्या माणसाचा तो असतो. त्या वर बोट करतात. मोहाची एक फांदी वाळून पांढरी झालीय.

"ती बघा. कधीची वाळलीय. चार दिवसांचं सरपण आहे," त्या म्हणतात. "पण कुणी काढत नाही. घर आहे तिच्यात."

फांदीच्या खालच्या बाजूला एक गोल भोक आहे, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. त्यातून एक लाल कपाळ बाहेर येतं, इकडेतिकडे बघतं, आणि सुरू होतं: टुक, टुक, टुक.

आता निघा. टाच जपून टाका. पान वाजलं की तो थांबतो.